नियम मुंबईत, घर फलटणला

फलटण नगरपरिषदेच्या हद्दीत आज कोणी घर बांधायला काढले, तर त्याचा इंजिनिअर जे पुस्तक उघडतो तेच पुस्तक पुण्यात, नागपुरात आणि सांगलीतही उघडले जाते. 2 डिसेंबर 2020 रोजी राज्य सरकारने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रे, थंड हवेची ठिकाणे अशा काही जागा वगळल्या, तर उरलेल्या महाराष्ट्राला एकच नियमावली लागू झाली. त्याआधी ब आणि क वर्ग नगरपरिषदांचे नियम वेगळे होते, प्रादेशिक योजनेतल्या गावांचे वेगळे आणि प्रत्येक मोठ्या महापालिकेचे तिच्यापुरते आणखी वेगळे. एकाच तालुक्यात रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, अशी परिस्थिती होती.

नियमावली आली त्याला पाच वर्षे होऊन गेली. त्याच काळात बिनशेती, तुकडेबंदी आणि गुंठेवारी या तिन्ही कायद्यांत बदल झाले, आणि 2025 मध्ये राज्याचे नवे गृहनिर्माण धोरणही आले. फलटणसारख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 52 हजार वस्तीच्या गावाला या सगळ्यातून काय मिळाले, हे पाहायला एवढा काळ पुरेसा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. परवान्याचा कागद मिळणे सोपे झाले, आणि ते चांगलेच झाले. पण ज्या जमिनीवर घर उभे राहायचे तिचा गुंता राज्याने सोडवला नाही, तो वेळोवेळी माफ केला. आणि शहर कसे वाढावे हे ठरवायची ताकद शहराला दिलीच नाही.

अधिकार कोणाकडे आहे ते आधी पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चा. जानेवारी 1967 पासून तो लागू आहे. या कायद्याने नगरपरिषद हे नियोजन प्राधिकरण ठरते. विकास आराखड्याचा मसुदा तिने करायचा, हरकती-सूचना तिने मागवायच्या, बांधकामाची परवानगीही तिच्याकडूनच घ्यायची. पण आराखडा मंजूर करते राज्य सरकार. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर कलम 37 खाली पुन्हा सरकारची मान्यता लागते, आणि सरकारला वाटले तर ते स्वतःहूनही फेरबदल करू शकते. शिवाय कलम 154 आहे. त्याखाली सरकार जे निर्देश देईल ते प्राधिकरणाला पाळावेच लागतात. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. त्या अनुसूचीतले पहिले काम नगरनियोजन आणि दुसरे जमीन वापराचे व बांधकामांचे नियमन. घटनेने पालिकांसाठी पहिल्या ओळीत लिहिलेली कामे महाराष्ट्रात आजही मंत्रालयाच्या नगरविकास विभागातून चालतात.

भरीस भर म्हणजे नव्या नियमावलीची बहुतेक वर्षे फलटणने लोकनियुक्त सभागृहाशिवायच काढली. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत 2021 च्या अखेरीस संपली, इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात राहिला, आणि निवडणुका झाल्या थेट डिसेंबर 2025 मध्ये. सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. परवाने त्या काळातही निघत होते, कारण परवाना देणे हे मुख्याधिकारी आणि नगररचना शाखा यांचे काम. पण कोणत्या बाजूला रस्ता रुंद करायचा, कोणते आरक्षण सोडायचे, बाणगंगा नदीच्या काठाला काय ठेवायचे, हे विचारायला प्रभागात माणूसच नव्हता.

आता जमेची बाजू. नव्या नियमावलीने बांधकामांची जोखमीप्रमाणे वर्गवारी केली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर साधे घर बांधायचे असेल, तर परवानाधारक वास्तुविशारदाने किंवा इंजिनिअरने नकाशा नियमात बसतो असे प्रमाणित करायचे, शुल्क भरायचे आणि काम सुरू करायचे. 150 ते 300 चौरस मीटरच्या भूखंडाला 10 दिवसांत परवानगी द्यायची. 1966 च्या कायद्यात 60 दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद होतीच. पण ती वापरायची हिंमत सामान्य माणूस करत नसे. जिना, बाल्कनी, मार्गिका यांच्या क्षेत्रावरून होणारी घासाघीसही थांबली. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे लोकांच्या तोंडचा एफएसआय, दाट वस्तीबाहेर 1.1 ठेवला आणि त्यावर निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत, व्यापारी बांधकामाला 80 टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र शुल्क भरून घेता येते. पूर्वी प्रत्येक गोष्टीला वेगळी सवलत आणि प्रत्येक सवलतीला वेगळी फाईल होती. जुन्या दाट वस्तीत चारी बाजूंनी अंतर सोडून घर बांधणे शक्य नसते; तिथल्यासाठी अंतरे आणि निर्देशांक वेगळे ठेवले, हेही शहाणपणाचे. ज्याचा भूखंड मंजूर रेखांकनातला आहे, सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वच्छ आहे, त्याला आज फलटणमध्ये घराचा नकाशा पास करून घेणे दहा वर्षांपूर्वीपेक्षा खूपच सुकर आहे.

पण असे स्वच्छ भूखंड ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यात शहराकडे नव्याने येणारा कष्टकरी फारसा सापडणार नाही. इथे फलटणची जमीन समजून घ्यावी लागते. नीरा उजव्या कालव्याने हा भाग बागायत केला, ऊस आला, कारखाने आले. सुरवडीला कमिन्सचा मोठा औद्योगिक प्रकल्प आला, लोणंदहून रेल्वे आली, आणि आता आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाचे चौपदरीकरण. बाहेरून कामाला आलेल्या माणसाला घर हवे, आसपासच्या गावातून मुलांच्या शाळेसाठी येणाऱ्यालाही हवे. त्याच्या ऐपतीत बसते ती एक गुंठा जागा: 1089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. आकार पाहिला तर हे घर सरळ कमी जोखमीच्या वर्गात बसते. इंजिनिअरचा सहीशिक्का, शुल्काची पावती आणि काम सुरू. प्रत्यक्षात ही सवलत त्याच्या दारापर्यंत येतच नाही, कारण त्याचा गुंठा कायद्याच्या लेखी भूखंडच नाही.

याचे मूळ 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात आहे. शेतीचे तुकडे होऊन ती परवडेनाशी होऊ नये म्हणून तो कायदा केला. हेतू योग्यच होता. 2023 च्या अधिसूचनेने किमान क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे ठरले. त्याखालचा तुकडा विकायचा तर आधी जमीन निवासी वापरात यायला हवी, रेखांकन मंजूर व्हायला हवे, रस्ते सोडायला हवेत, क्षेत्र 0.4 हेक्टर किंवा त्याहून अधिक असेल तर 10 टक्के मोकळी जागा ठेवायला हवी. हे सगळे करायला पैसा लागतो आणि वेळ लागतो. म्हणून शहरांच्या कडेला पळवाट निघाली. दहा-पंधरा जणांनी मिळून किमान क्षेत्राएवढी जमीन एकाच खरेदीखताने घ्यायची, सातबाऱ्यावर सामायिक नावे लावायची आणि जागेवर चुन्याची फक्की मारून आपापला गुंठा ताब्यात घ्यायचा. काहींचे व्यवहार तर नुसत्या नोटरीच्या साठेखतावर झाले. जुलै 2021 मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून मंजूर रेखांकनाशिवाय अशा तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत असे बजावले. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यामागचा नियम रद्द केला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त एकदा नोंदले जायचे, एकदा परत यायचे. घर बांधणारा मधल्या मध्ये अडकला.

आणि सरकारने काय केले? 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून असे व्यवहार बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करायची सोय दिली. रक्कम मोठी होती. 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आणली. नोव्हेंबर 2025 मध्ये अध्यादेश काढून 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले नागरी क्षेत्रातले आणि निवासी, व्यापारी वगैरे वापरासाठी दाखवलेल्या जमिनींवरचे व्यवहार कोणतेही शुल्क न घेता नियमित करायचे ठरवले. गरिबाच्या नावावर त्याची जागा लागली, याचा आनंद मलाही आहे. वर्षानुवर्षे कर भरूनही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाची घालमेल मी पाहिली आहे. पण 25, मग 5, मग शून्य हा उतरता क्रम लोकांना एक गोष्ट शिकवतो, की थांबणारा फायद्यात राहतो. ज्याने पदर मोडून 25 टक्के भरले तो आज काय म्हणत असेल? आणि ज्या शेतकऱ्याने रीतसर रेखांकन करून रस्त्याला जमीन सोडली, मोकळी जागा ठेवली, तो शेजारच्या फक्की मारलेल्या गुंठ्यांकडे पाहून काय शिकेल?

गुंठेवारीचा कायदाही याच वाटेने गेला. 2001 च्या कायद्याने 1 जानेवारी 2001 पूर्वीची गुंठेवारी नियमित करायची होती; 2021 च्या दुरुस्तीने मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली. त्याशिवाय 2017 मध्ये नगररचना कायद्यात कलम 52 अ घालून 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामे तडजोड शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली. याचा शेवट कुठे होतो ते पाहायला सांगलीला जावे. सांगली-मिरज-कुपवाडच्या महापालिका क्षेत्रात गुंठेवारी वसाहती पसरल्या आणि त्यांतल्या काही कृष्णेच्या पूरपट्ट्यात आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. तेव्हा जे पाण्यात बसले त्यांच्यात गुंठ्यावर घर बांधलेली कुटुंबेही होती. नियमावलीत पुराच्या निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे आणि निळ्या व लाल रेषांच्या मध्ये जोत्याच्या उंचीची अट. नियम उत्तम आहे. पण ज्याच्या घराचा नकाशा कधी कोणत्या कार्यालयात गेलाच नाही, त्याचे जोते कोण तपासणार? नियमितीकरणाचा दाखला नदी वाचत नाही.

फलटणला कृष्णा नाही; इथला अडचणीचा भाग हद्दीवर आहे. लक्ष्मीनगर, मलठण या बाजूंनी शहर पसरत गेले आणि कोळकी, जाधववाडी, ठाकुरकी या गावांना जाऊन भिडले. वर्षानुवर्षे इथे राहणाऱ्यालाही नगरपरिषदेची हद्द कुठे संपली आणि ग्रामपंचायतीची कुठे सुरू झाली, हे घराघराने सांगता येणार नाही. कायद्याला मात्र ती रेघ फार महत्त्वाची. रेघेच्या आत परवाना नगरपरिषदेचा. बाहेर गावठाणात 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 52 खाली ग्रामपंचायतीचा. गावठाणाबाहेर जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार, म्हणजे व्यवहारात प्रांत-तहसील कचेरी आणि साताऱ्याची नगररचना शाखा. जमीन महसूल संहितेत कलम 42 ड आले आणि गावठाणापासून 200 मीटरच्या आतली जमीन बिनशेती मानायची सोय झाली. 2021 मध्ये ग्रामविकास विभागाने गावांत सुमारे 3200 चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराच्या परवानगीची गरज नाही असे जाहीर केले: सुमारे 1600 पर्यंत परवानगीच नको, त्यापुढे ग्रामपंचायतीचा दाखला.

यातली प्रत्येक सवलत एखाद्या आडगावात निखालस योग्य आहे. दुष्काळी पट्ट्यातल्या वाडीवर दोन खोल्या काढायला माणसाने जिल्ह्याला हेलपाटे का घालावेत? पण तीच सवलत शहराला चिकटलेल्या गावात लागू झाली की तिथे रस्त्याला रस्ता जुळत नाही. एका मालकाने सोडलेला रस्ता दुसऱ्याच्या कुंपणाशी संपतो. सांडपाणी ओढ्याला, ओढा बाणगंगेला. ग्रामपंचायतीकडे ना नगररचनाकार, ना भुयारी गटाराचा पैसा. साताऱ्यात हाच प्रश्न होता. शाहूपुरी, विलासपूरसारखी उपनगरे कितीतरी वर्षे शहराचा भाग असूनही हद्दीबाहेर राहिली आणि सप्टेंबर 2020 मध्ये हद्दवाढ मंजूर झाली. तोवर घरे बांधून झाली होती. हद्दवाढ झाली की वाढीव क्षेत्राचा आराखडा कलम 34 खाली करायचा असतो. पण उभ्या वस्तीतून रस्ता काढणे आणि मोकळ्या रानातून काढणे यात फरक आहे. फलटणच्या भोवतीची रानं अजून सगळी भरलेली नाहीत. म्हणून हा विषय आज निघाला पाहिजे.

एकच नियमावली सगळ्यांना लावल्याने लहान गावाचे नुकसान कुठे होते, त्याचे एक उदाहरण सुविधा क्षेत्राचे आहे. शाळा, दवाखाना, बाजार, खेळाचे मैदान यांसाठी मोठ्या रेखांकनातून जागा सोडून घ्यायची असते. नव्या नियमावलीत नगरपरिषद-महापालिकांच्या हद्दीत 20 हजार चौरस मीटरपेक्षा कमी रेखांकनाला ही अट नाही. त्याहून मोठे असेल तर 5 टक्के. 20 हजार चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच एकर. पुण्याच्या कडेला पाच एकरांचा प्रकल्प रोजचा. फलटणच्या हद्दीत एका मालकाची पाच एकर सलग जमीन रेखांकनाला येणे हीच दुर्मिळ गोष्ट. परिणाम असा, की एकराची-दोन एकरांची रेखांकने एकामागून एक होत राहतील, प्रत्येकात थोडी बाग सुटेल, आणि शाळेला किंवा दवाखान्याला जागा कुठेच सुटणार नाही. परवडणाऱ्या घरांचेही तसेच. मोठ्या प्रकल्पात 20 टक्के लहान घरे ठेवण्याची अट दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना आहे. रेरा कायदा 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतीला नोंदणीची सक्ती करत नाही, आणि अशा छोट्या जागेवरची लहान अपार्टमेंट ही तर अशा गावांची नेहमीची इमारत. म्हणजे ग्राहकाचे संरक्षण जिथे सगळ्यात कमी, तिथेच कायद्याची सूट.

मग सार्वजनिक जागा यायची ती विकास आराखड्यातल्या आरक्षणांतून. तिथेही अडचण. आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देतो आणि पुढच्या दोन वर्षांत संपादनाची पावले पडली नाहीत की आरक्षण उठते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे कलम हवेच. उगाच कोणाची जमीन तीस वर्षे अडकवून ठेवू नये. पण लहान नगरपरिषदेला भूसंपादनाचा मोबदला झेपत नाही. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देता येतो म्हणतात. ज्या गावात मूळ एफएसआयच पुरता वापरला जात नाही, तिथे त्याला गिऱ्हाईक कुठून यायचे?

जगात याच प्रश्नाची उलटी बाजूही दिसते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 2021 मध्ये कायदा करून एका घरापुरत्या राखलेल्या भूखंडावर दोन घरे बांधायला आणि भूखंडाची विभागणी करायला मुभा दिली, कारण तिथल्या नगरसंस्था आपापल्या नियमांनी नवी घरे अडवून धरत होत्या. राज्याने त्यांचे हात बांधले ते घरे वाढावीत म्हणून. फलटणमध्ये घर कोणी अडवत नाही. इथे घरे बांधली जातातच, परवाना घेऊन किंवा न घेता. उणीव आहे ती आधी रस्ता, गटार, मैदान आखून मग घराला जागा देणाऱ्या यंत्रणेची. शेजारच्या गुजरातने नगररचना योजनांतून हे काम शहरामागून शहरात केले: सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, उरलेली जमीन नीट आकाराचे भूखंड करून मालकांना परत द्यायची. ही योजना आपल्याही कायद्यात आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. अलीकडे पुण्याजवळ म्हाळुंगे-माण भागात ती पुन्हा हाती घेतली गेली. तालुक्याच्या गावांसाठी मात्र ती कोणी मनावर घेत नाही.

मे 2025 मध्ये मंजूर झालेल्या गृहनिर्माण धोरणाचे नाव ‘माझे घर, माझा अधिकार’. 2030 पर्यंत 35 लाख घरे हे त्याचे लक्ष्य. लक्ष्य मोठे आहे, आणि असायलाच हवे. पण प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अनुदान मिळायचे तर जागेचा कागद लागतो, आणि गावोगावी अर्ज अडतात ते तिथेच. सरकारी जमिनीवरची 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय 2018 मध्ये झाला. ते योग्यच होते. पण मोजणी, मिळकत पत्रिका, ठराव ही कामे करायला माणूस लागतो. राज्याने घरांचा आकडा ठरवला, तसाच दर नगरपरिषदेमागे किती नगररचनाकार आणि किती भूमापक देणार याचाही आकडा जाहीर करावा.

फलटणच्या नव्या सभागृहाकडे तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. एक, हद्दवाढीचा प्रस्ताव राजकारणाचा विषय न करता कोळकी, जाधववाडी आणि शहर मिळून रस्ते व ओढ्यांचा एक नकाशा आधी करावा; हद्द कुठेही असो, तो नकाशा सगळ्यांनी पाळावा. दोन, सुविधा क्षेत्राची मर्यादा लहान शहरांसाठी एका एकरावर आणावी असा ठराव करून शासनाकडे पाठवावा. कलम 37 खाली फेरबदल सुचवायचा अधिकार नगरपरिषदेला आहे, तो वापरावा. तीन, 2025 च्या अध्यादेशाने जे गुंठे नियमित होतील, त्यांच्या वसाहतीत किमान रस्त्याची रुंदी आखून घेतल्याशिवाय पुढचे मजले मंजूर करू नयेत.

आणि जो वाचक आज फलटणला गुंठा-दोन गुंठे पाहत फिरतो आहे, त्याने विकणाऱ्याकडे चार कागद मागावेत: मंजूर रेखांकनाची प्रत, बिनशेतीचा आदेश किंवा आकारणी भरल्याची पावती, झोन दाखला आणि चालू तारखेचा सातबारा. रेखांकनातला रस्ता जागेवर पायी चालून मोजावा. ‘पुढे नियमित होईल’ एवढ्या शब्दावर विसार देऊ नये.